नाक की पंख

दामू,

तुझ्या तेरवीच्या वरणात मीठ जास्त झालं होतं. कोणी बोललं नाही, मीही नाही. तू असतास तर पहिल्याच घासाला माझ्याकडे पाहून भुवई उचलली असतीस आणि मी भर पंगतीत फिसकन हसून म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या असत्या. माझ्या शेजारी, तुझ्या नेहमीच्या जागेवर, तुमच्या शाळेचा शिपाई बसला होता. तो बिचारा मन लावून जेवत होता आणि मला त्याचा उगाचच राग येत होता.

जेवणाआधी शाळेच्या मंडळींनी दोन शब्द बोलायचा कार्यक्रम ठेवला होता. तू किती वक्तशीर, विज्ञान किती सोपं करून शिकवायचास, तुझ्या हाताखालून किती पोरं गेली, सगळं झालं. मग हेडमास्तर माझ्याकडे वळले. "हिरामणजी, तुम्ही तर लहानपणापासूनचे सोबती. तुम्ही बोला." मी मान हलवली. माणूस दुःखात आहे असं समजून त्यांनी सोडून दिलं. दुःख होतंच, पण ते कारण नव्हतं. मला बोलायला एकच शब्द होता आणि तो सभेला ऐकवायचा नव्हता, तुला ऐकवायचा होता. दहा वर्षं तू तो माझ्याकडे मागत होतास.

तो शेवटी लिहितो. आधी सगळं रांगेने सांगू दे. "हिरू, तू गोष्ट नेहमी शेपटाकडून सांगते," असं तू म्हणायचास. आज डोक्याकडून सांगून पाहतो.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या साली तुझा जहाजावरचा मावसभाऊ सुट्टीत दिघोरीला आला आणि एक खोकं तुझ्या हातात ठेवून गेला. खोक्यावर ढगांतून जाणाऱ्या लढाऊ विमानाचं रंगीत चित्र. आत करड्या प्लास्टिकच्या चौकटी, आणि त्यांना लटकलेले पंख, शेपूट, चाकं, शिवाय बोटाच्या पेराएवढा टोपीवाला वैमानिक. तुकडे सोडवायचे, चिकटवायचे आणि कपाटावर ठेवून द्यायचं, एवढाच त्या वस्तूचा उपयोग. मी म्हटलंही, "लेकरायचं खेळणं हाय गा. शोकेसात ठेव."

तू चष्मा कपाळावर सरकवलास. "विमान हाय ना हे? मंग उडलं पायजे."

मी हसलो. तू हसला नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं की आता आपली दिवाळी या खोक्यात जाणार. मावसभावानं दिलेली चाकं तू पहिल्याच दिवशी काढून टाकलीस. विमानाचं शेपूट कापून त्यात आतषबाजीवाल्याकडची बाणाची जाड कागदी नळी बसवायची, म्हणजे विमान रॉकेटसारखं सरळ आकाशात जाईल, हा तुझा बेत. मी कामाला होतो त्या राईस मिलच्या ओट्यावर बसून, तांदळाच्या कोंड्यात बोटाने रेघा ओढून तू मला तो समजावून सांगितलास.

"बाणाले काडी असते. ते त्याले सरळ ठेवते. आपल्याले विमानाले काडी लावायची नाही. मंग दोन गोष्टी पायजे. नाक जड पायजे अन् शेपटापाशी मोठे पंख पायजे. यातलं एकबी चुकलं तं ते उलटं फिरन."

"एवढे मोठे पंख लावशीन तं विमान कायचं? घुबड दिसन."

"म्हणून ते दिसले नाही पायजे. काचेसारखे पायजे."

"अन् परत कायले आणते त्याले? बाण कधी परत येते का?"

"उडलेलं परत आलं पायजे, हिरू," तू म्हणालास, आणि नळीच्या वर घडी करून ठेवायला एक रेशमी रुमाल शोधू लागलास. या मुद्द्यावर आपण आठ दिवस भांडलो. माझं म्हणणं, एकदा वर गेलं की आपलं काम संपलं. तुझं म्हणणं, खाली अलगद उतरवता येत नसेल त्यानं वर धाडूच नये. तो वाद मिटला नाही आणि आता मिटवायला तू नाहीस.

काचेसारखं, हलकं आणि जरा वाकणारं प्लास्टिक दिघोरीत कुठे मिळायचं? तू कोणाकडे काही मागितलं नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. तू फक्त घरात, मायसमोर, एवढंच बोलून गेलास की दवाखान्यातली छातीची फिल्म सोड्याच्या गरम पाण्यात धुतली की खालून निळसर काच निघते.

तुझे वडील नाकाडोंगरीकडे खाणीत कामाला होते. मला ते आठवतात ते खाटेवर बसून खोकतानाच. त्यांनी जन्मात फोटो काढला नाही, लग्नातही नाही. शेवटच्या वर्षी भंडाऱ्याला छातीची फिल्म काढली, तेवढंच त्यांचं चित्र घरात उरलं. दिवाळीच्या साफसफाईत माय ती पाकिटातून काढायची, दारात उजेडाकडे धरायची, पदराने पुसायची आणि परत ठेवायची. बरगड्या, मधे एक सावली, आणि कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत नाव. दुसऱ्यांच्या घरी भिंतीवर हार घातलेले फोटो असतात, तुमच्या घरी ते पाकीट होतं.

एका रविवारी मी आलो तेव्हा तिनं ते पाकीट तुझ्यासमोर सरकवलेलं होतं आणि तू हात मागे घेऊन बसला होतास.

"घे," माय म्हणाली. "जलमभर खड्ड्यात राबले ते. आता जरा वर जाऊ दे त्यायले."

घमेल्यात पाणी मी ओतलं. तू जुन्या टूथब्रशने घासत होतास. काळं पाणी निघालं, मग राखाडी, मग नुसतं पाणी. माय आत भाकरी थापत होती, त्याचाच काय तो आवाज. वाळल्यावर तू त्यातून चार पंख कापलेस, इतके सरळ की कात्री कुठे थांबली ते दिसू नये. चिकटवल्यावर ते खरोखर दिसेनात. बोट लावलं तरच कळायचं की इथे काहीतरी आहे.

नाकाचं काम तू मला दिलंस.

तुला शिसंच हवं होतं, कारण जागा थोडी आणि वजन जास्त. आपल्या तलावावरचे ढीवर जाळ्याला भाजलेल्या मातीच्या गोळ्या लावतात, पण कारध्याला वैनगंगेवरचे ढीवर शिशाचे मणी वापरत. तुझी बहीण कारध्याला दिलेली, तिच्या शेजारच्या ढीवरानं मूठभर मणी द्यायचं कबूल केलं होतं. मी मिलचा पट्टा आणायला भंडाऱ्याला जाणारच होतो. पूल ओलांडला की कारधा.

मी पूल ओलांडला नाही, दामू. पट्ट्याचं काम दोन वाजताच आटोपलं आणि समोर टॉकीजला तीनचा शो लागला होता. सिनेमा कोणता ते आज आठवत नाही. समोरच्या खुर्चीवर पाय टाकून शेंगा खात होतो एवढं आठवतं. सुटलो तेव्हा शेवटची गाडी लागली होती. लाखनीपर्यंत मी काय सांगावं याचा विचार केला, आणि दिघोरीला उतरलो तेव्हा सगळं ठरलं होतं. तू स्टँडवर सायकल घेऊन उभाच होतास.

"भेटलं का?"

"भेटलं. मीच बसवतो नाकात. तुह्या हाताले घाई असते."

तू विमान माझ्याकडे दिलंस, फडक्यात गुंडाळून. त्याच रात्री, अंधारातच मी तलावाच्या पाळीवर गेलो आणि चिकणमाती घेऊन आलो. मळली, आणि वैमानिकाच्या बैठकीच्या भोकातून बोटाने पार नाकापर्यंत ठासली, करंजीत सारण भरतात तशी. वरून वैमानिकाला बसवून टाकलं. सकाळी तुझ्या अंगणात आपण ते दोऱ्याला टांगलं. तू पोटावर तांबड्या शाईची खूण केली होतीस, बरोबर त्या खुणेवर विमान आडवं राहिलं. इकडे नाही, तिकडे नाही.

"हिरू, सोनाराचा हात हाय गा तुहा," तू म्हणालास.

मी ती शाबासकी घेतली. घेताना जराही जड गेलं नाही, हे लिहिताना आता जड जातंय.

मग तू त्याला चंदेरी रंग दिलास. खोक्यात परदेशी खुणांचे कागद होते, ते लावायला तू नकार दिलास आणि बाजूला तांबड्या बारीक अक्षरांत "दिघोरी" लिहिलंस. रंग वाळायला विमान तुमच्या छपराच्या कवेलूंवर पाच दिवस उन्हात पडून होतं. शेपूट उघडंच होतं, कारण नळी ऐनवेळी बसवायची होती. पाऊस सरलेला, हवा कोरडी झालेली. सगळ्या गावाचा धान त्याच उन्हात वाळत होता.

आता मी तेव्हा काय धंदा करत होतो ते आठव. राईस मिलच्या काट्यावर होतो. नवा धान आला की पोत्यातून चिमूट काढायची, दाणा दाताखाली धरायचा. कट् वाजला तर सुका, दबला तर ओला. जेवढी ओल तेवढी घट धरायची, म्हणजे वाळल्यावर जेवढं वजन कमी होईल तेवढं आजच वजा करायचं. त्याच पाच दिवसांत मी कितीजणांशी हुज्जत घातली असेल. "एवढी घट कायले लावते गा?" "ओला हाय. चार दिवस वाळवून आण, मंग नाही लावणार." पंचक्रोशीत म्हणत, हिरामणचा दात काट्यापेक्षा खरा. आणि या दाताच्या माणसाला एकदाही सुचलं नाही की कवेलूंवर त्यानं ओली माती वाळत घातली आहे.

तुला विमान संध्याकाळी गुपचूप उडवायचं होतं. तू, मी, माय आणि शकुनवहिनी, बस. मंडईच्या दिवशी उडवू हा हट्ट माझा. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दहा गावचे लोक येतात, दुकानं लागतात, रात्री दंडारीचा खेळ होतो. एवढी गर्दी आयती सापडत असताना आपलं विमान कोणी पाहू नये हे मला सहन होईना. मी मिलवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं. तू कुरकुरलास आणि मग माझ्यासाठी कबूल झालास. माझ्यासाठी तू बऱ्याच गोष्टींना कबूल व्हायचास.

तलावामागची धान कापून मोकळी झालेली बांधी. मधोमध तू रोवलेली लोखंडी सळई. लोक कडेच्या धुऱ्यांवर उभे, सगळ्यांत पुढे माय, पोतं अंथरून बसलेली, डोक्यावर पदर. विमानाच्या पोटाला तू रिकाम्या बॉलपेनच्या कांड्या चिकटवल्या होत्या, त्या सळईवर ओवायच्या होत्या. ते मी केलं. ओवताना आतून आवाज आला. खुळखुळ.

तू मान वळवलीस. "काय वाजलं गा?"

"शिसं. एखादा मणी सुटला असन."

"दोऱ्यावर पाहून घेऊ का एकदा?"

"लोकं उभे हायेत, दामू. किती येळा पाहशीन?"

मला कळलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. हातात घेताच नाक हलकं लागलं होतं. वजन ओळखणं हाच माझा धंदा, आणि तो आवाज शिशाचा नव्हता, सुक्या ढेकळाचा होता. थांब म्हणायला एक क्षण पुरे होता. पण थांब म्हटलं असतं तर वैमानिकाला उपसून काढावं लागलं असतं, दहा गावांसमोर नाकातून माती निघाली असती, आणि ओल ओळखणाऱ्या हिरामणची काय शोभा झाली असती. मी मागे सरलो आणि तू वात पेटवलीस.

गेलं तर ते झकास. अर्ध्या ताडाएवढं उंच, सरळ, चंदेरी, आणि लोकांच्या तोंडून एकदम "अबब" निघालं. माय उठून उभी राहिली. मग कोणी मागून हाक मारावी तसं त्यानं नाक मागे वळवलं. एक गिरकी, दुसरी, आणि नळी जळत असतानाच ते खाली आलं आणि धुऱ्यावर आपटलं, कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यापासून दहा हातांवर. ठिणग्या उडाल्या. लोक हंडे, लोटे घेऊन धावले. पुंजणा वाचला, पण पुंजण्याचा मालक तुझ्या अंगावर धावून आला. वर्षाची कमाई होती त्याची, त्याचं काही चुकलं नाही.

तेव्हा मी गर्दीच्या मागे होतो. तू मला शोधलंही नाहीस. "माह्यं एकट्याचं काम व्हय हे," तू म्हणालास. "हिरूचा काई संबंध नाही." चार शहाण्या माणसांसमोर तू पुन्हा असं काही उडवणार नाही म्हणून शब्द दिलास. तो शब्द तू पाळलास. त्यानंतर गावातली पोरं तुला विमानगुरुजी म्हणू लागली, आणि दिवाळीला तू साधा फटाकाही लावला नाहीस.

मग तू मायकडे गेलास. मी तुझ्यामागे दोन पावलांवर होतो, सुटून पडलेली जळकी नळी हातात घेऊन.

"माय, पंख कच्चे पडले वं. माह्यं चुकलं."

तिनं तुझ्या गालावरचा काळा डाग पदराने पुसला. "त्यायची छाती कच्चीच होती बापा," ती म्हणाली.

दामू, तेव्हा बोलायला हवं होतं. त्या एका वाक्यानंतर गप्प राहणारा माणूस काय लायकीचा असतो, ते मला ठाऊक आहे. मी गप्प राहिलो. तू विमानाचं धूड उचलून घरी नेलंस आणि मी दोन दिवस जेवलो नाही, कारण नाक तुझ्याकडे होतं.

तिसऱ्या दिवशी तू मिलवर आलास. मला वाटलं, आलं. तू काट्यापाशी उभा राहिलास, पोत्यातले चार दाणे हातात घेऊन चाळवलेस आणि अगदी सहज विचारलंस, "हिरू, इचार करून राहिलो. नाक होतं का पंख?"

मी दाणा दाताखाली धरला. "पंख," म्हटलं.

तू माझ्याकडे जरा वेळ पाहिलंस. "हं," म्हणालास आणि निघून गेलास. म्हणजे यानं नाक उघडलं नाही, असा मी अर्थ काढला. त्या दिवशी मी दोन दिवसांचं जेवलो.

त्यानंतर दर मंडईला तेच. भज्यांच्या दुकानासमोर बाकावर बसायचं, कागदात भजे घ्यायचे, आणि तिसऱ्या-चौथ्या भज्याला तू विचारायचास, "हिरू, नाक होतं का पंख?" मी म्हणायचो, "पंख गा. पंखच." तू म्हणायचास, "हं." मला वाटे, याच्या मनातून ते विमान जात नाही. मी बायकोजवळ तुझी कीव करायचो. म्हणायचो, दामू त्या एका गोष्टीतून निघाला नाही.

आणि माय. मी घरी आलो की कोठीतून मूठभर धान आणून माझ्या हातावर ठेवायची. "हिरू, ओल किती हाय सांग बा जरा." मी ऐटीत दाणा फोडून सांगायचो. ती मान हलवायची आणि चहा टाकायची. तिला माझ्या दाताचं कौतुक आहे असं मी समजत होतो. तिला खांदा देतानाही मी तेच समजत होतो.

या दहा वर्षांत तू माझ्यासाठी काय केलं नाहीस? माझ्या थोरलीला गणितात तू काढलंस, नाहीतर ती सातवीतच बसली असती. माझं आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भंडाऱ्याच्या दवाखान्यात चार दिवस तू जमिनीवर सतरंजी टाकून झोपलास, आणि शाळेची रजा माझ्या भावानं नाही, तू टाकलीस. शुद्धीवर आलो तेव्हा तू म्हणालास, "बोल, काई सांगायचं हाय का?" मी पाणी मागितलं. तुझे उपकार घ्यायला मी कधी लाजलो नाही. त्याबदल्यात एक शब्द द्यायचा होता, तेवढा मात्र देववला नाही.

मागच्या मंडईला तू जरा वेगळं विचारलंस. तुझ्या पायावर तेव्हाच सूज दिसायला लागली होती. "आपन म्हातारे होऊन राहिलो गा," तू म्हणालास. "सांगून टाक. नाक होतं का पंख?"

मी वैतागलो. "पंख गा. किती येळा तेच ते?" आणि दुकानवाल्याला आणखी एक पाव भजे बांधायला सांगितले. ते तुझं शेवटचं विचारणं होतं. सांगून टाक, असं तू म्हणाला होतास आणि मी ते ऐकलंच नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी शकुनवहिनींनी मला बोलावणं पाठवलं. ओसरीवर ते खोकं काढून ठेवलं होतं, ढगांतल्या विमानाचं. चित्राचा रंग उडालाय. आत विमानाचं धूड होतं, "दिघोरी" अजून वाचता येतं. चारही पंख जागच्या जागी होते. त्यांना साधी चीरही गेलेली नव्हती. नाकाचं टोक मात्र कोणीतरी करवतीने व्यवस्थित कापून काढलेलं होतं, आणि खोक्याच्या कोपऱ्यात एक तपकिरीची डबी होती.

डबीत मातीचा गोळा होता. एका बाजूला निमुळता, नाकाच्या आकाराचा, आणि मागच्या बाजूला माझ्या बोटाचा ठसा. खाली शाळेच्या वहीचा कागद, घडी केलेला. तुझं अक्षर.

"सुकी २१ ग्रॅम. भिजवून परत २९ ग्रॅम. घट ८ ग्रॅम."

घट. प्रयोगवहीत लिहिताना तू कधी हा शब्द वापरला नसतास. हा माझ्या काट्यावरचा शब्द आहे.

"कधी उघडलं होतं हे त्यायनं?" मी वहिनींना विचारलं.

"मंडईच्या दुसऱ्याच दिवशी, भाऊजी. सोनाराकडे जाऊन मोजून आणलं. सासूबाईले तवाच सांगतलं, पंख पक्के होते मनून. बुढी लय रडली अन् मंग खुश झाली."

"अन् मले काहून नाही सांगतलं?"

वहिनी पदराच्या टोकाला गाठ मारत बसल्या. "मीबी तेच म्हणत होती. तं म्हणत, हिरू सोताच सांगन, त्याले सांगू द्या. दर साली मंडईहून आले का मी विचारत होती, सांगतलं का भाऊजीनं? तं म्हणत, पुढच्या साली सांगन."

दामू, मी तुझ्यावर चिडलो. त्या ओसरीवर बसून, तुझ्या विधवेसमोर, मी मनातल्या मनात तुला शिव्या दिल्या. एवढं माहीत होतं तर एकदा कानाखाली वाजवायची होतीस. मिलवर आलास त्या दिवशीच तो गोळा काट्यावर ठेवला असतास तर मी तिथेच तुझे पाय धरले असते. मास्तर माणूस, पोरानं चूक स्वतः सांगावी म्हणून दहा वर्षं छडी मागे धरून उभा राहिलास. पोरगं ढ निघालं तर? तुझंही चुकलंच. हे मी तुला तोंडावर सांगितलं असतं आणि आपण भांडलो असतो, आणि ते भांडण किती बरं झालं असतं.

राग घरी येईपर्यंत टिकला. मग उरलं ते एवढंच की तुझ्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी मला चहा पाजला.

शकुनवहिनींनी एक पंख हलकेच सोडवून, फिल्मच्या त्या जुन्या पाकिटात घालून मला दिला. "तुमच्यापाशी ठेवा. तेच म्हणून गेले." तो मी आज सकाळी दारात उजेडाकडे धरला, माय धरायची तसा. निळसर, स्वच्छ. फक्त खालच्या कोपऱ्यात, जिथे तुझा ब्रश नीट पोचला नव्हता, एक फिकट वाकडी रेघ राहून गेली आहे. बरगडी आहे ती. मी धोतराच्या सोग्यानं पुसून परत पाकिटात ठेवली.

मंडई आठ दिवसांवर आली. भजेवाल्यानं बाकाला रंग दिलाय म्हणतात. मी जाईन, दोघांचे भजे घेईन आणि तिसऱ्या-चौथ्या भज्यापर्यंत वाट पाहीन. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगतो.

नाक होतं, दामू. नाकच होतं गा. पंखायले काई झालं नव्हतं.